चिकातली ताकद

केराबाईची मेंढरं लसीशिवाय राहिली, असं सांगोल्याच्या त्या माळावर कधी घडलं नाही. पावसाळ्याआधी जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर यायचे, तेव्हा ही बाई पदर खोचून आधीच तयार. एकेक मेंढी धरायची, टोचून झाली की तिच्या कपाळावर गेरूचा टिपका लावायची. डॉक्टर हसायचे, "केराबाई, तुम्ही आमच्या खात्यातल्या बिनपगारी नोकर!" बाईला त्याचा कोण अभिमान.

त्यांनीच तिला एकदा समजावलं होतं. गाभण मेंढीला लस दिली की तिच्या अंगात रोगाशी झुंजायची ताकद तयार होते, आणि व्याल्यावर ती चिकातून, म्हणजे पहिल्या दाट दुधातून, कोकराला मिळते. ती तीनेक महिने पुरते, मग कोकराला त्याची स्वतःची लस द्यावी लागते. केराबाईने एकही कोकरू कधी चुकवलं नव्हतं.

नातू माउली नऊ महिन्यांचा झाला तेव्हा नर्सबाई निरोप ठेवून गेली, गोवराची लस आहे, मंगळवारी अंगणवाडीत या. सून पूनम पोराला टोपडं घालून निघालीही होती. केराबाई दारातच आडवी आली.

"कशाला उगं पोराला ताप आणतीस? ल्हानपनी तुला गोवर येऊन गेलाय न्हवं? तुझ्या चिकातनं त्याला समदं मिळालंय."

"आत्या, नर्सबाई म्हनत हुत्या, द्यायलाच पायजे."

"चाळीस वर्सं मेंढरं राखली मी. मला कळत न्हाय व्हय?"

पूनमने टोपडं सोडलं. सासूचा शब्द मोडायची त्या घरात रीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मेंढरांच्या बाबतीत केराबाईचं कधी चुकलंही नव्हतं.

दोन महिन्यांनी माउलीच्या अंगावर पुरळ उठलं. डोळे लालभडक, ताप असा की हात लाववत नव्हता. केराबाईने उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, देवीचं येणं म्हणून तीन दिवस कडक पाळलं, दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. चौथ्या दिवशी पोराला धाप लागली, तेव्हा मुलगा बिभीषण कुणाचं न ऐकता जीप करून सोलापूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. गोवर छातीत उतरला होता. दोन दिवस नळ्या लावल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी माउली गेला.

"लस का नाही दिली?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पूनमने सासूकडे पाहिलंसुद्धा नाही. "राहून गेली," एवढंच म्हणाली.

"आईकडून पोटात मिळालेली ताकद नऊ महिन्यांत सरत येते हो. मग बाळाच्या अंगाला स्वतः झुंजायला शिकावं लागतं. लस तेच शिकवते."

 हे सगळं केराबाईला माहीत होतं. फक्त ते कोकरांचं म्हणून माहीत होतं. आणि सुनेने तिच्यावर ठपकाही ठेवला नव्हता, तेच तिला सोसेना. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीन महिने घरात कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग नवी कोकरं टोचायला डॉक्टर आले. पूनम एकेक कोकरू मांडीवर धरत होती, केराबाई गेरूची वाटी घेऊन उभी.

"यांच्या आयांना टोचलेलं आहे ना? मग आता वेळेवर आलो. आईचं सरलं, आता ज्याचं त्याला द्यायला हवं," डॉक्टर म्हणाले.

"ठाऊक हाय," केराबाई म्हणाली. "लई वर्सं ठाऊक हाय मला. कोकराचं ते लेकराचं बी आसंल, एवढं डोस्क्यात आलं न्हाय. पूनम, तू निघाली हुतीस की गं. लस राहून गेली न्हवती, पोरी. मी आडवी आले."

 पूनमने कोकरू पुढे केलं, ते टोचून झालं. टिपका लावायला केराबाई पुढे झाली, पण वाटी कलली आणि थोडा गेरू मातीत सांडला. पूनमने वाटी तिच्या हातातून काढून घेतली, कोकराच्या कपाळावर बोट टेकवलं, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हंबरडा फोडला.