खिळा माझा नव्हता

मी एक जुनी खुर्ची आहे. नाटकाच्या हंगामात मला सिंहासन म्हणतात, उरलेले वर्ष माझ्यावर कंपनीचे पडदे वाळत घालतात. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणते ते केवळ रीत म्हणून. तुमच्यापैकी कितीतरी जण नाटकाआधी स्टेजवर चढून माझ्यावर शेंगांची टरफले टाकून गेलेले आहेत.

वडशाच्या कोलू सुताराने मला एका मोडक्या पलंगापासून घडवले. वर सोनेरी रंग, खाली लाल रेक्झिनची गादी. धान कापून झाले की विदर्भाच्या झाडीपट्टीत नाटके सुरू होतात, आणि मी व कोलू भैयाजींच्या नाटक कंपनीच्या ट्रकमधून गावोगाव हिंडतो. माझा पहिला राजा माझ्यावर बसून घोरत असे. दुसरा तंबाखूच्या खर्ऱ्याचे बोट माझ्या हाताला पुसत असे. तिसरे गुणवंतराव. ते माझ्यावर बसेनासे झाले, आणि माझी अब्रू त्यांनीच घालवली.

झाले असे. सावली तालुक्यातल्या एका गावात गुणवंतराव न्याय द्यायला माझ्यावर बसले आणि पांढरेफटक होऊन तत्काळ उठले. उरलेला न्याय त्यांनी उभ्याने दिला. पडद्यामागे सगळ्यांना सांगितले, खुर्चीचा खिळा टोचला. सगळ्यांना ते पटले. खुर्चीला कोण विचारतो?

त्यांना बसायच्या जागी, शौचाच्या वाटेपाशी, गळू झाले होते. गावातल्या डॉक्टरने चिरून पू काढला आणि खिळ्याचे ऐकून धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. इकडे कोलूने मला उलटे करून ठोकले. खिळा सापडला नाही, तरी असेल आत कुठेतरी असे ठरले. महिन्याभरात गळू परत आले. त्यांना पुन्हा चिरले, मला पुन्हा ठोकले. तिसऱ्यांदाही तेच. माणसे एकच चूक किती निष्ठेने करतात हे पाहायचे असेल तर खुर्ची व्हावे.

प्रेक्षक मात्र खूश. न्याय होईपर्यंत टेकत नाही असा राजा त्यांनी पाहिला नव्हता. भैयाजींनी पोस्टरवर छापले, ‘न बसणारा राजा’. गुणवंतरावांनी सुट्टी मागितली तेव्हा भैयाजी म्हणाले, “बसू नोका ना भाऊ. पब्लिकले उभाच राजा आवडून राह्यला.”

गुणवंतराव वाळत चालले. मुकुट भुवयांवर घसरू लागला. दरबाराचा प्रवेश नसला की मी मागच्या दाराशी पडून असते, तिथून ते घडीघडी टमरेल घेऊन बाहेर जाताना दिसत. मला दिसत होते ते डोळे असलेल्यांना दिसत नव्हते.

शेवटी एका दुपारी, शाळेच्या पटांगणात मंडप उभा राहत असताना, भैयाजींनी मला फोडायचा हुकूम दिला. कोलूने कुऱ्हाड आणली. राणीचे काम करणारी रीता तिथेच होती. ती येऊन माझ्यावर सरळ बसली आणि दोनदा उसळली.

“इथी खिळा नाई, भाऊ,” ती गुणवंतरावांना म्हणाली. “मले टोचत नाई, मंग तुमालेच काऊन टोचते?”

ते खालच्या आवाजात म्हणाले, “पोट बिघडून वरीस झालं, बाई. दिवसभर पळतो. रक्त पडते. मूळव्याध असन म्हटलं. राजानं हे कोनाले सांगावं?”

“डाक्टरले सांगतलं?”

“त्यानं गळवाचं विचारलं. मी गळवाचंच सांगतलं.”

भैयाजी म्हणाले, हंगाम संपू द्या, मग पाहू. रीताने त्यांच्याकडे मानही वळवली नाही. “राजा मेला तं पोस्टरवर काय लिहान?” एवढेच म्हणाली. कोलूने कुऱ्हाड खाली ठेवली आणि रीताला सोबत घेऊन गुणवंतरावांना ट्रकच्या पुढच्या सीटवर आडवे करून चंद्रपूरला नेले.

तिथल्या डॉक्टरने दुर्बीण घालून पाहिले. मोठ्या आतड्याला आतून जखमाच जखमा. रोगाचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. रीताने परत येऊन सांगितले ते मी ऐकले. हा रोग असलेल्या प्रत्येकाला असे गळू होत नाही, काहींना होते. पू काढावाच लागतो. पण गळू पुन्हा पुन्हा येते आणि शौचात रक्तही पडते, तर दोन्ही एकाच दमात सांगायचे असते. आणखी उशीर झाला असता तर राजाला खांद्यावरूनच न्यावे लागले असते.

पुढच्या हंगामात गुणवंतराव परतले. अंगावर मांस आले होते, औषधाची पुडी कमरेला होती. न्यायाचा प्रवेश आला आणि ते माझ्यावर बसले. मागून कोणीतरी ओरडले, “राजा, उभा राय!” सगळा मंडप ओरडू लागला. पोस्टर भैयाजींनी बदलले नव्हते. गुणवंतराव मांडी ठोकून म्हणाले, “आज राजा बसूनच न्याय करन.” आणि केला.

मित्रांनो, आत्मकथेतल्या वस्तूने शेवटी ‘मला जपा’ म्हणायचे असते. मला जपू नका, टरफले खुशाल टाका. डॉक्टरने गळवाचे विचारले तरी पोटाचे सांगा, आणि सांगायची लाज वाटली म्हणून एखाद्या खुर्चीला खिळा चिकटवू नका.

कारण तो निघत नाही. त्या दिवशी बसण्याआधी गुणवंतरावांनी माझ्या गादीवरून सावकाश हात फिरवला होता. खिळा तपासत होते.