ऐंशीवरचा काटा

काटेकोर काका पिकअप घेऊन गॅरेजच्या दारात आले तेव्हा मी दुसऱ्याच एका गाडीवर वैतागलेलो होतो. 'आज जमणार नाही' हे उत्तर जिभेवर तयारच होतं. ते खाली उतरले, दार न आपटता हाताने दाबून बसवलं आणि म्हणाले, "मिस्तरी, एवढा स्पीडोमीटर तपासून दे. तो बरोबर निघाला तर ही गाडी तूच विकून टाक. मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही."

त्यांची बायको जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. मी माझं उत्तर गिळलं.

काटेकोर हे त्यांचं खरं नाव नव्हे. जन्मभर त्यांनी शाळेची बस चालवली आणि चाळीसचा काटा कधी ओलांडला नाही, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, नाव तसंच राहिलं. पिकअप त्यांनी तरुणपणी नवी कोरी घेतली होती. तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हात पडलेला त्यांना खपत नसे. मी काम करायला लागलो की तेसुद्धा शेजारी उभे राहून राखण करायचे, आणि मला त्याचा राग यायचा.

"तक्रार काय आहे? काटा उड्या मारतो? मध्येच अडकतो?"

"काही नाही. अगदी ठाम असतो."

"मग?"

ते बाकावर बसले. "हिला घेऊन निघालो तेव्हा सवयीप्रमाणे मीटरचा छोटा आकडा शून्यावर आणला. हॉस्पिटल वीस किलोमीटर. त्या रस्त्यावर मी बस चालवलीय, झोपेतसुद्धा सांगेन. पोहोचलो तेव्हा आकडा अठ्ठावीस होता."

मी पान्हा खाली ठेवला.

"काटा ऐंशीवर धरून ठेवला होता मी. डॉक्टर म्हणाले, पाच-सात मिनिटं आधी आणलं असतं तर. म्हणजे आठ किलोमीटर मी कुठेतरी भरकटलो. ती मागे मरत होती आणि मी रस्ता चुकलो, मिस्तरी. आणि मला ते आठवतसुद्धा नाही."

"मुलगी होती ना बरोबर?"

"ती म्हणते, नाही चुकलात. माझं मन राखायला म्हणते. वर्षभर तीच सांगतेय, बाबा, तुम्ही विसरायला लागलात."

स्पीडोमीटरचं दुखणं शोधायची एक रीत असते. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडलेली, नाहीतर कुठेतरी मुडपलेली. काटा उठतच नसेल तर केबल तुटलेली. आणि काटा ठाम राहून खोटं बोलत असेल तर एक तर चाकं बदललेली, नाहीतर गिअरबॉक्सपाशी कुणीतरी हात घातलेला. काकांना शेजारी बसवून मी गाडी मोठ्या रस्त्यावर काढली. काटा साठवर ठेवला की किलोमीटरच्या एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत एक मिनिट लागलं पाहिजे. मिनिट होऊन गेलं तरी पुढचा दगड येईना. काका डोळे बारीक करून काट्याकडेच बघत होते. खात्री झाल्याशिवाय त्यांना काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं.

चाकं मूळच्याच मापाची होती. काकांच्या हातात चहा देऊन त्यांना बाहेर बसवलं आणि मी गाडीखाली शिरलो. इतक्या वर्षांच्या ग्रीसने आणि धुळीने सगळं काळं झालं होतं, आणि त्यात एकच वस्तू स्वच्छ होती. गिअरबॉक्समधून केबल निघते तिथे काड्यापेटीएवढी लोखंडी डबी बसवलेली. कुणी मोठी चाकं घातली की काट्याचा हिशेब जुळवायला ही डबी लावतात. आत दोन दातेरी चकत्या असतात, केबल किती फिरायची ते त्या ठरवतात. इथे तर चाकं बदललीच नव्हती. म्हणजे डबी लावून चांगला काटा मुद्दाम बिघडवला होता. मी दाते मोजले. काटा ऐंशी म्हणेल तेव्हा गाडी सत्तावन्नने धावत असणार. असला उद्योग करणाऱ्याला मी पडल्या पडल्या मनसोक्त शिव्या दिल्या.

डबी काढून बाहेर आलो तर काकांची मुलगी समोर. घरापुढे गाडी दिसली नाही म्हणून मागच्या गल्लीने धावत आली होती. माझ्या हाताकडे तिचं लक्ष गेलं आणि तिचा चेहरा उतरला. मला काही विचारावं लागलं नाही.

"दादा, त्यांना सांगू नका."

"कुणी लावली ही?"

"होता एक मेकॅनिक. त्यानेच सुचवलं. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊनही बाबांची नजर सुधारली नाही. किल्ली मागितली की जेवण सोडून बसायचे. काट्यावर त्यांचा आमच्यापेक्षा जास्त विश्वास. काटा जास्त दाखवायला लागला की आपोआप हळू चालवतील, असं वाटलं."

साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा हा बेत. दुकान हल्ली मीटरवर लांब पडतं म्हणून काका कुरकुरले की ही म्हणायची, बाबा, तुम्ही विसरताय.

"आणि त्या दिवशी?"

"आईला बसवत नव्हतं. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. मागे गादी टाकली आणि मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. केबिनच्या मागच्या काचेवर थापा मारत होते, बाबा, जोरात घ्या. ते काट्याकडे बोट दाखवायचे. मागे माणूस असताना ऐंशीच्या वर न्यायची नाही, हा त्यांचा नियम."

"काच सरकते ताई, मीच बसवलीय. एक वाक्य सांगायचं होतं."

"जीभ रेटली नाही. आधी वाटलं, सांगितलं तर घाबरून गाडी कुठेतरी घालतील. मग वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, आधी का नाही सांगितलंस. तेवढ्यात हॉस्पिटल आलं."

मला तिची दयाही आली आणि रागही आला. राग जास्त होता. "भरकटलो, भरकटलो म्हणून ते स्वतःला खातायत."

"मी रोज सांगते त्यांना, नाही भरकटलात."

"आणि वरचे आठ किलोमीटर?"

मी मधला मार्ग काढायचं ठरवलं. मधले मार्ग मला आयुष्यात कधी लाभलेले नाहीत. डबी खिशात घालून मी काकांकडे गेलो आणि म्हणालो, "काका, तुम्ही रस्ता चुकला नाहीत. मीटरमध्ये बिघाड होता. वीसचे अठ्ठावीस त्यानेच केले."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मी शुद्धीवर होतो."

"पूर्ण."

ते रडले. मोठ्याने नाही, पण तोंड न झाकता, सगळ्यांदेखत. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी डोळे पुसले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. हिशेब चालला होता.

"म्हणजे ते ऐंशी नव्हतं. किती होतं?"

"सत्तावन्न."

"सहा मिनिटं," काका म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला. "काय बिघडलं होतं, दाखव."

केबल खराब होती, असं म्हणता आलं असतं. पण काट्यावर जन्म काढलेल्या या माणसाशी आणखी एकाने खोटं बोलायचं, हे मला जमेना. मी डबी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट फिरवली.

"ही आपोआप बसत नाही."

"नाही."

"मी दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो तेव्हाच तेवढी किल्ली घरी ठेवली होती."

मुलगी गॅरेजच्या दारात उभी होती. ते तिच्याकडे वळले. "तू काच ठोकत होतीस."

"हो, बाबा."

"मी तुला काटा दाखवला."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

तिने दाराची चौकट धरली. ते ओरडतील, हात उचलतील, असं मला वाटलं. मी मध्ये पडायच्या तयारीत होतो. त्यांनी तसलं काही केलं नाही. मी केबल सरळ गिअरबॉक्सला जोडेपर्यंत ते बाकावर बसून राहिले, आणि या वेळी राखणीला शेजारी आले नाहीत. काम झाल्यावर उठले आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

"चालव. आता काटा खरा आहे."

"बाबा, तुम्ही पुढे बसा ना."

त्यांनी मागचा फाळका उघडला. मी हात दिला तो धरून वर चढले आणि जिथे गादी टाकली होती तिथे पाय पसरून, काचेला पाठ टेकून बसले. डबी बाकावरच राहिली होती.

गाडी दोनदा बंद पडली, मग निघाली. मी गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहिलो. आरशात तिला काच आणि काचेला टेकलेली पाठ एवढंच दिसत असणार. माणूस चालतो तितक्याच वेगाने ती गाडी नेत होती. काकांचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि काचेवर एकदाही थाप पडली नाही.