मागच्या भिंतीतले स्पीकर

गुरुवारी जिप्समवाले येणार होते. भिंती एकदा बंद झाल्या की परत उघडायच्या नव्हत्या, म्हणून मंगळवारीच सांगली गाठणं भाग होतं.

रहिमतपूरच्या शिवारात सुभेदार मानसिंगांचा नवा बंगला उभा राहत होता. पुण्यात नोकरीला असलेल्या ऋषिराजनं, त्यांच्या मुलानं, त्यात एक खोली नुसती सिनेमा बघायला काढली होती. तिला खिडकी नव्हती. हरणाबाईंनी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा विचारलं होतं, "ही ज्वारी भरायची व्हय?" ऋषिराज हसून म्हणाला, "आई, हिथं आवाज भरायचा. सात स्पीकर. पण एक दिसणार न्हाई, सगळे भिंतीच्या आत." फोनवर बापाला मात्र त्यानं बजावून सांगितलं, "आबा, फोटो बघून ठरवू नका. दुकानात बसून कानानं ऐका. त्या खोलीत तुमालाच बसायचंय."

मानसिंग फोनच्या पडद्यावरच्या लेकाच्या तोंडाकडं टक लावून बघत होते. "बरं," ते म्हणाले.

हे 'बरं' हरणाबाईंच्या काळजात नऊ वर्षं रुतून बसलेलं.

नऊ वर्षांमागं लेकीची, दीपमालाची, सुपारी फुटायची होती. मेढ्याकडची माणसं सोप्यावर, पुढच्या ओसरीवर, बसली होती, सोबत हरणाबाईंचे थोरले दीर, चुलतसासरे, गावचे चार जण. आत चुलीपाशी दीपमालानं आईचा हात धरला. मेढ्याच्या त्या पोराचं आधी एक जमलेलं लग्न मोडलं होतं आणि का मोडलं ते तिला मैत्रिणीकडून त्याच सकाळी कळलं होतं. भर बाजारात त्यानं सख्ख्या आईच्या थोबाडीत मारली होती. "आई, मला न्हाई जायचं तिथं. आबांना सांग. आत्ता सांग."

हरणाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि त्या दाराआड उभ्या राहिल्या. सोप्यावर वडीलधारे असताना बाईनं चौकटीबाहेर यायचं नाही आणि नवऱ्यानं वळून बायकोकडं बघायचं नाही, बोलायचं ते दाराआडून, हळू आणि एकदाच, हीच त्या घरातली रीत. मानसिंग दाराला पाठ लावूनच बसले होते. हरणाबाई म्हणाल्या, "आवं, पोरगी नगं म्हणतीया. पोराचा हात उठतो. सुपारी फोडू नगा." आणि दोन बोटांनी त्यांच्या खांद्याला स्पर्श केला.

मानसिंगांनी मान हलवली. "बरं," म्हणाले.

हरणाबाई सुटल्यासारख्या आत वळल्या. पाणी पिऊन बाहेर कान दिला तोवर सुपारी फुटली होती.

दीपमाला मेढ्याला गेली. तिथं त्या माणसाचा हात उठला, पुन्हा पुन्हा उठला. कधी भात सांडला म्हणून, कधी सांडला नाही म्हणून. ती आईला फोन करायची, पण बापाशी नऊ वर्षांत एक अक्षर बोलली नव्हती. सणाला आली तरी मागच्या दारानं यायची, मागच्या दारानं जायची. आणि हरणाबाई नवऱ्याचं ताट वाढायच्या, औषध द्यायच्या, पण जेवताना समोर बसायच्या नाहीत. त्यांना एकच गोष्ट कळायची होती. ऐकूनसुद्धा या माणसाच्या हातून ती सुपारी फुटली कशी? विचारायचं धाडस मात्र झालं नव्हतं. तो 'व्हय, ऐकून फोडली' म्हणाला तर त्याच्या घरात मग राहायचं कसं?

मध्येच कधी, तांदूळ निवडताना, ओठावर आपसूक एखादी ओवी यायची:

*बापाच्या बंगल्याला, दारं चार, खिडक्या सहा*
*लेकीच्या बोलाला गं, वाट कुठं मिळंना, पहा*

मानसिंग तेव्हा शेजारीच पेपर वाचत असायचे. कधी पापणी हलली नाही. दगड, हरणाबाई मनात म्हणायच्या.

तोफखान्यात त्यांची चोवीस वर्षं गेली होती. डावा कान जड आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, सुभेदार ते हसत सांगायचे. उजवा खणखणीत, असं म्हणायचे. बोलायचे कमी. समोरच्याच्या तोंडाकडं एकटक बघत राहायचे, मग मान हलवायचे. गावात त्याचं कौतुक होतं. "सुभेदार आदी समदं ऐकून घेत्यात, मंगच बोलत्यात."

सकाळच्या गाडीनं दोघं सांगलीला उतरली. विश्रामबागेकडच्या एका गल्लीत हुसेनचं दुकान. हुसेन मिरजेचा, चाळिशीचा, बोलायला गोड. त्याच्या घरात तीन पिढ्या तंबोरे घडले होते.

"या सुभेदारसाहेब! मावशी, तुम्ही इकडं पंख्याखाली बसा." त्यानं भिंतीतला एक स्पीकर जाळी काढून दाखवला. "आमचा आज्जा भोपळा निवडायला पंढरपूरच्या बाजूला जायचा. बोटानं टकटक करायचा, कान लावायचा. आता माझ्याकडं भोपळा न्हाई, भिंत हाय. भिंतीची पोकळी हाच ह्याचा भोपळा. पोकळी वाईट तर आवाज वाईट."

"पुन्ना एकदा सांगा," मानसिंग म्हणाले.

हुसेननं आवाज चढवून पुन्हा सांगितलं. मानसिंगांनी मान हलवली.

"मागं खोली कुठली हाय बंगल्यात? झोपायची? मग बंद डब्याचे घ्या. न्हाईतर निम्मा सिनेमा सुनबाईंच्या खोलीत."

"सून यायचीय अजून," हरणाबाई म्हणाल्या.

"मग तर बंदच घ्या, मावशी. यायच्या आधीच पळून जाईल!"

हरणाबाई पदराआड हसल्या. मानसिंग हसले ते एक श्वास उशिरा, त्यांचं हसू बघून. हरणाबाईंच्या ते लक्षात आलं, आणि का लक्षात आलं ते मात्र कळलं नाही.

आतल्या खोलीत हुसेननं दोन जातींचे स्पीकर भिंतीत बसवून ठेवले होते. समोर तीन, बाजूला दोन, मागं दोन. मानसिंगांना मधल्या खुर्चीत बसवलं. "समोरचे कानाच्या उंचीला पाहिजेत, साहेब. मागचे जरा वर. समोरनं गोष्ट येती, मागनं रान येतं. पाऊस, पाखरं, कुणी हाक मारली तर ती."

आधी त्यानं लढाईचा तुकडा लावला. जमीन हादरली. मानसिंगांचा चेहरा उजळला, पाठ ताठ झाली. "एकशे तीसची तोफ," ते म्हणाले. "लांबची हाय. चार मैल." इतकं सुख त्यांच्या तोंडावर हरणाबाईंनी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"वा साहेब! कान म्हणजे कान. आता नाजूक बघू." हुसेननं दुसरं काही लावलं. पहाटेचं रान. कुठूनतरी बुलबुल बोलला, मग एका बाईच्या बांगड्या वाजल्या, घागर पाण्यात बुडाली. पाखरू डावीकडून उडालं, हरणाबाईंच्या डोक्यावरून गेलं, मागच्या भिंतीत कुठंतरी बसलं आणि गात राहिलं. हरणाबाई वळून बघायला लागल्या. भिंतच होती.

"कुठं बसलं, साहेब?"

मानसिंग हुसेनच्या तोंडाकडं बघत होते. "भारी," ते म्हणाले. "लय भारी."

"न्हाई, पाखरू कुठं बसलं?"

मानसिंगांनी हसून समोर बोट केलं.

हुसेननं मागच्या भिंतीकडं बघितलं. "आता दुसऱ्या जातीचे लावतो," म्हणत तो भिंतीपाशी गेला आणि त्यानं तार काढली. खोली एकदम मुकी झाली. पंख्याची तेवढी घरघर. दोन तारा हातात घेऊन हुसेन वळला आणि तिथंच थांबला.

मानसिंग डोळे अर्धे मिटून मान डोलावत होते. हळूहळू, तालात, गाणं ऐकावं तशी. "हे त्याच्यापेक्षा गोड हाय," ते म्हणाले.

हुसेननं हरणाबाईंकडं बघितलं, मग नजर खाली घातली. "चहा सांगून येतो," म्हणाला, आणि बाहेर गेला.

हरणाबाई उठल्या. खुर्चीच्या मागं, मागच्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर होताच. त्या दिवशी जितका आवाज काढला होता तेवढाच काढला.

"आवं, पोरगी नगं म्हणतीया. पोराचा हात उठतो. सुपारी फोडू नगा."

मानसिंग समोरच्या काळ्या पडद्याकडं बघत होते. मानेवरची एक शीर हलली नाही.

त्यांनी पुन्हा म्हटलं. त्या दिवशी दुसऱ्यांदा म्हटलं नव्हतं. तरी काही नाही. मग त्यांनी दोन बोटं नवऱ्याच्या खांद्याला लावली.

मानसिंगांनी न वळता मान हलवली. "बरं," म्हणाले.

हरणाबाईंना वाटलं, आपण रडू. रडू आलं नाही. नऊ वर्षं ज्याला दगड म्हटलं तो दगड नव्हता, नुसती बंद भिंत होती. आणि आपण? आपण एकदाच बोललो होतो. हळू. दाराआडून. लेकीच्या अख्ख्या जन्माची गोष्ट, आणि ती दुसऱ्यांदा सांगायला चौकट ओलांडून दोन पावलं टाकली नाहीत, कारण सोप्यावर दीर बसले होते.

त्या फिरून पुढं आल्या, समोर उभ्या राहिल्या. मानसिंगांची नजर लगेच त्यांच्या ओठांवर गेली. हा माणूस आपल्या तोंडाकडं का बघतो, आणि मागनं बोललं की का बोलत नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा कळलं.

"आत्ता म्या काय म्हनले?"

"ह्या स्पीकरचंच की."

"मागनं बोलले ते."

"तेच. बरं म्हनलो की."

"म्या दीपीचं बोलले. सुपारीच्या दिवशी दाराआडनं जे बोलले हुते, तेच. पोरगी नगं म्हणतीया, पोराचा हात उठतो."

मानसिंगांच्या तोंडावरचं हसू आधी तसंच राहिलं. मग ते कुठं ठेवावं हे न कळल्यासारखं ओघळत गेलं. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं.

"त्या दिशी तुमास्नी ऐकूच आलं न्हवतं," हरणाबाई म्हणाल्या. आवाज फुटला. "एवढं सांगा. न्हाई आलं म्हणा. म्या दीपीला आत्ता फोन लावते. एवढं म्हणा, आवं, तुमच्या पाया पडते."

मानसिंगांचे ओठ हलले. काहीतरी येत होतं. तेवढ्यात हुसेन चहाचे कप घेऊन दारात उभा राहिला. मानसिंगांनी त्याला बघितलं, दुसऱ्या पुरुषाला, आणि त्यांची पाठ पुन्हा ताठ झाली.

"ऐकलं हुतं," ते म्हणाले. मोठ्यांदा, परेडवर सांगावं तसं. "समदं ऐकलं हुतं. म्हणून काय भरल्या सोप्यातनं उठून जायचं? पोरी म्हणतच असत्यात." मग हुसेनकडं वळून, "ही दुसरी जात घ्यायची. सातीच्या साती. माप लिवून द्या."

ज्यांचा अजून आवाजच निघाला नव्हता, ते स्पीकर त्यांनी घेतले. हुसेननं कागद पुढं ओढला आणि भोकांची मापं लिहू लागला. लिहिता लिहिता तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, मिरजेत कानाचे डॉक्टर चांगले हायत. मशीन आता दिसत पण न्हाई." मानसिंग कागदाकडं बघत होते. त्यांनी ते ऐकलं नाही.

परतीच्या गाडीत दोघं खिडकीशी समोरासमोर बसली. भिलवडी मागं पडलं, बाहेर ऊस आणि ऊस. मानसिंग मांडीवरच्या मापाच्या कागदाची घडी घालत होते, उलगडत होते.

हरणाबाईंचा फोन वाजला. दीपमाला होती.

"काय गं आई, झाली का खरेदी? म्हणं भिंतीला तोंडं बसवायला निघालेत आबा."

"व्हय बाई. सात."

"बघ की. माझं एक ऐकलं न्हाई, आता सात सात तोंडांचं ऐकणार व्हय?" ती हसली. ते हसणं ऐकून अंगावर काटा यावा. मग म्हणाली, "आई. आज एक विचारू? तू त्या दिवशी सांगितलं हुतंस ना त्यांना? नीट सांगितलं हुतंस?"

मानसिंगांची नजर हरणाबाईंच्या ओठांवर खिळली होती. हरणाबाईंनी पदराचं टोक तोंडावर धरलं आणि खिडकीकडं मान वळवली.

खरं एका वाक्याचं होतं. बापाला ऐकू आलं नव्हतं, पोरी. पण त्या वाक्याच्या पाठोपाठ दुसरं यायचं होतं. मग तू परत का सांगितलं न्हाईस? पुढं होऊन का सांगितलं न्हाईस? त्याला द्यायला हरणाबाईंकडं होतं ते एक दार आणि एक पदर. या लेकीला बाप नव्हताच. आज खरं बोललं तर आईही राहणार नव्हती. आणि त्यानं तर स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं, एका माणसाच्या साक्षीनं.

"आई?"

"सांगितलं हुतं," हरणाबाई म्हणाल्या. "नीट सांगितलं हुतं. त्यांनी समदं ऐकलं हुतं, बाई. असतंय एकेकाचं काळीज."

पलीकडून "हां," एवढंच. मग फोन बंद.

हरणाबाईंनी पदर खाली केला. मानसिंग पुढं झुकले होते, घडी घातलेला कागद मुठीत चुरगळला होता. "काय म्हणली?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की हरणाबाईंना पहिल्यांदा वाटलं, या माणसाला स्वतःचाही आवाज ऐकू येत नसेल.

हरणाबाईंनी तोंड त्यांच्याकडं केलं. एकेक अक्षर ओठांवर ठेवून, त्यांना सगळं समजेल असं, सावकाश म्हणाल्या,

"बरी हाय म्हणती."