पुष्पाबाईच्या जागेवर

रोवणीच्या रांगेत पुरुष दिसला की लोक हसतातच. कैलाश धानाच्या बांधीत उतरला तेव्हाही हसले. शेताच्या धुऱ्यावरून जाणारा गोमाजी तर थांबूनच म्हणाला, "काहून रे कैलाश, लुगडं नाही नेसला?"

कैलाशने मान वर केली नाही. ती जागा त्याच्या बायकोची होती. धान रोवण्यात पुष्पाबाईचा हात धरणारी बाई साऱ्या गावात नव्हती. आता तिचा उजवा हात मनगटात वाकडा जुळला होता आणि त्या बोटांत परे, म्हणजे धानाची रोपं, धरवत नव्हती. धुऱ्यावर बसून ती डाव्या हाताने रोपांच्या पेंड्या फेकत होती.

गेल्या वर्षी लाखांदूरच्या बाजारातून येताना दोघांची मोटारसायकल पडली. कुत्रं आडवं आलं, असं कैलाशने सांगितलं आणि दवाखान्यात पडलेल्या पुष्पाबाईनेही तेच सांगितलं. पुढे तो नागपूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. तेव्हापासून मोहाच्या दारूला शिवला नव्हता. केंद्रातला समुपदेशक धम्मदीप म्हणायचा, "ज्या दिवसाने तुला इथं आणलं, त्याचे आभार मान." बाकीचे मानायचे. कैलाशच्या तोंडून मात्र ते शब्द निघत नसत. सुधारला तो, आणि मोडला तिचा हात.

रांगेतली सगळ्यात म्हातारी पार्वताबाई वाकल्या वाकल्या म्हणाली, "काई म्हण बापू, त्या कुत्र्यानं तुहं भलंच केलं. देवच आला म्हणाव त्याच्या रूपात."

बायकांनी माना डोलावल्या. कैलाशच्या हातातले परे चिखलात पडले.

"कुत्रं नव्हतं, मावशी," तो म्हणाला. "मी पेऊन होतो. पुष्पा म्हणे, गाडी ठेवा, पायी जाऊ. मी आयकलो नाही."

साऱ्यांचे हात थांबले. पण बघायला त्या त्याच्याकडे वळल्याच नाहीत, धुऱ्याकडे वळल्या. पुष्पाबाईने पदर तोंडावर ओढून घेतला. आपण काय करून बसलो ते कैलाशला तेव्हा उमगलं.

जेवायला बायका पळसाखाली बसल्या. पुष्पाबाई थोडी दूर एकटीच, सगळ्यांकडे पाठ करून बसली. डाव्या हाताने खाताना कुणी पाहू नये म्हणून ती वर्षभर अशीच बसायची. कैलाश जवळ गेला.

"मले इचारलं होतं का, सांगाच्या आधी?" ती म्हणाली. "माह्या मायलेही मी कुत्रंच सांगतलं. आता कोणत्या तोंडानं जाऊ? तुमचं मन हलकं झालं. माहं?"

"चुकलो," तो म्हणाला. दारूच्या भरात हा शब्द त्याने इतक्यांदा वापरला होता की आज तो त्यालाच अळणी लागला. मग त्याने धम्मदीपची गोष्ट सांगितली, आणि त्या दिवसाचे आभार आपल्याला कधीच मानता आले नाहीत, तेही.

पुष्पाबाईने भाताचा घास तसाच खाली ठेवला.

"त्या दिवसाचे कायले मानता? मानाचे असन तं माहे माना. मी खोटं बोलली म्हणून गावानं तुमाले थुकलं नाही. म्हणून तुमी मान वर करून केंद्रात गेले."

हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. "तुहे आभार," तो कसाबसा पुटपुटला.

"आयकू नाही आलं."

तो पुन्हा बोलला. पळसाखालच्या बायकांनाही ऐकू गेलं. कुणीही हसलं नाही.

दुपारी तो पुन्हा बांधीत उतरला. त्याने वाकडे लावलेले परे पार्वताबाईने उपटले, सरळ लावले आणि बाजूला सरकून त्याला जागा दिली.

रोवणी संपल्यावर दोघं एसटीने अड्याळला, तिच्या माहेरी गेली. सासूने पाण्याचा गडवा पुढे केला, तेव्हा कैलाशने तोंड उघडलं. पुष्पाबाईने त्याला हातानेच थांबवलं.

"मी सांगते," ती म्हणाली. "तुमी फक्त इथंच उभे राहा."

तो उभा राहिला. सासू ऐकत होती, आणि मधूनमधून त्याच्याकडे पाहत होती. अंगणात निघून जावं असं त्याला फार वाटलं, पण तो गेला नाही.