आखाड्यामागचा ढीग

“चन्नप्पा अप्पांनी वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला आखाड्याबाहेर काढले नाही,” असा ठराव आमच्या ट्रेनिंग कॉलेजच्या कमिटीने १९३४ साली केला आणि नव्या व्यायामशाळेला त्यांचे नाव देण्याचे ठरवले. विधान अक्षरशः खरे होते, आणि मला खुपले ते त्याचे अक्षरशः खरे असणेच. सोलापुरात ज्याचा सत्कार होतो त्याच्याविषयी लोक सढळ हाताने खोटे बोलतात. येथे मात्र कोणीतरी शब्द तोलून मापून घातले होते.

अप्पा कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर. ते निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागेसाठी येडूचा अर्ज आला होता. मोहोळच्या महारवाड्यातला येडू आमच्याकडेच शिकलेला, आता वैरागच्या शाळेत मास्तर. अप्पांनी त्याच्याविषयी कमिटीला हळहळत सांगितले, “अंगात बळ लई, पण चिकाटी नाही. पहिल्याच वर्षी आखाडा सोडून गेला.” एवढ्यावर त्याचा अर्ज बाजूला पडणार होता. कमिटीत मीही होतो. ती हळहळ मला पटली नाही.

मुलाखतीला आलेल्या येडूला मी व्हरांड्यात गाठले.

“आखाडा सोडलास हे खरं?”

“सोडला, गुरुजी. खरं हाय.”

“का?”

“गुरूबद्दल वंगाळ बोलू न्हाय.” मग तो हसला. “जागा न्हाय मिळाली तर वैराग हायच की. तितली पोरं माज्या खांद्यावर चढून बसत्यात, कुनी अंग झटकत न्हाय.”

त्याचे हसू मला आवडले नाही. तो सांगणार नाही, तर आखाडाच पाहावा म्हणून मी आखाड्याभोवती फेरी मारली. आमच्याकडची जमीन काळी. भिंतीमागे मात्र तांबड्या मातीचा कमरेएवढा ढीग पडला होता आणि त्यावर एरंड माजला होता. आखाड्याची माती बाहेरून गाडीने आणतात, तेल-ताक-हळद घालून वर्षानुवर्षे मळतात आणि नागपंचमीला तीत भर घालतात. जुनी माती टाकत नाहीत. तीत गुरूच्या गुरूचा घाम असतो, असे अप्पाच दर वर्षी व्याख्यानात सांगत. हा ढीग त्या व्याख्यानात कोठेच बसत नव्हता.

कमिटी बसली तेव्हा मी विचारले, “अप्पा, आखाड्यातली माती टाकतात का हो?”

“शास्त्रीबुवा, जन्मात कधी लंगोट कसलाय का तुमी?” अप्पा म्हणाले, आणि सगळे हसले.

“नाही कसला, म्हणूनच विचारतो. मागे ढीग कसला आहे?”

“खराब झालेली माती.”

“कशाने खराब झाली?”

अप्पांनी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे पाहिले. प्रिन्सिपॉलसाहेब दौतीत टाक बुडवू लागले. लिहायला समोर कागद नव्हता.

“शास्त्रीबुवा, माती राहू द्या,” ते म्हणाले. “येडूच्या अर्जाचं बोला.”

“त्याचंच बोलतो आहे. अप्पा, येडूला तुम्ही काढलंत. ठरावातलं ते वाक्य खोडावं, अशी माझी सूचना आहे.”

अप्पांचा चेहरा लाल झाला. व्यायामशाळेवर नाव लागणार होते ते त्या वाक्याच्या जोरावर. टेबलावर हात आपटून ते जे बोलले, ते मी शब्दशः उतरवून घेतले:

“काढलं? मी? तोंड सांभाळा, शास्त्रीबुवा! त्या पोराला मी कधी ‘येऊ नको’ म्हटलं नाही. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी एकट्याला उतरवत होतो, जोर काढून घेत होतो, स्वतः डाव सांगत होतो. तो वर आला की त्याच्या पायाखालची माती तेवढी गड्याला उचलून मागं टाकायला लावायचो. बाकीच्या पोरांच्या घरची माणसं विचारतात की हो! एक दिवस गडी आला नाही म्हणून घमेलं त्याच्याच हातात दिलं, तर दुसऱ्या दिवसापासून हाच यायचा बंद झाला. आता यात मी काढलं कुठं?”