वांगी तळणारा जिन

झगाझिग नावाच्या अरबी शहरातल्या मायक्रोबस थांब्यावर त्या गुरुवारी गाड्या उभ्या होत्या आणि माणसं धावत होती. एरवी उलटं असतं. सगळे ड्रायव्हर एका झाकलेल्या तांब्याच्या हंड्याभोवती कोंडाळं करून उभे, प्रत्येकाच्या बगलेत दक्षिणा म्हणून एक काळा कोंबडा, आणि मधोमध हिरव्या फेट्यातला शेख सनूसी.

"ना लेखणी, ना शाई!" शेख ओरडला. "माणूस मातीचा, जिन आगीचा! आगीची अक्षरं फक्त आगच लिहिते! आईचं नाव सांगा, गाडीसाठी ओळ घ्या! गाडीच्या पाठीवर रंगवा, मग नजर लागत नाही, टक्कर होत नाही, पोलीस थांबवत नाही!"

उस्ता, म्हणजे ड्रायव्हर, शहाता पुढे झाला. आईचं नाव चारचौघांत घ्यायचं म्हणजे झगाझिगच्या मर्दाला भर चौकात विजार सुटल्यासारखं वाटतं. त्याने हंड्याच्या काठाशी तोंड नेऊन ते पुटपुटलं आणि लाजून लाल झाला. शेखने डोळे मिटून हात बाहीत घातले. हंडा कुरकुर कुरकुर करू लागला आणि त्याच्या काठावरून कागदाची एक पट्टी जीभ काढावी तशी बाहेर आली.

"हात लाव! गरम आहे की नाही?"

"गरम आहे!" शहाता किंचाळला. लोकांनी देवाचं नाव घेतलं, कोंबड्याने मान टाकली.

दुपारी मात्र हंडा गप्प व्हायचा. "जिन झोपलाय," असं सांगून शेख हंडा घेऊन घरी जायचा. त्या वेळी त्याच्या घरातल्या भिंतीवरच्या प्लगमध्ये काय खोचलेलं असतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

संध्याकाळी शहाताच्या गाडीत इन्शिराह चढली. ती मुलींच्या शाळेत अरबी शिकवायची. सगळे तिला 'अब्ला' म्हणत. मराठी वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये; तिकडे अब्ला म्हणजे ताई, आणि ही ताई अबला वगैरे अजिबात नव्हती. चढता चढता तिची नजर गाडीच्या पाठीवरच्या ओल्या रंगावर गेली:

*डोळे वटारू नको, मित्रा, काच आधीच तडकली;*
*तुझ्या नजरेच्या आधी इथे म्हैस येऊन धडकली.*

इन्शिराहचा पाय पायरीवरच राहिला. ही ओळ तिची होती! शाळेत व्याकरणाचा दंडुका हाणणारी ही बाई घरी आली की बाजारू बोलीत टुकटुक रिक्षांवर रंगवतात तसल्या ओळी रचायची आणि 'थांब्यावरची पोर' या टोपणनावाने इंटरनेटवर टाकायची. खरं नाव सांगायची सोय नव्हती. मुख्याध्यापिका खुलूद हानम, म्हणजे खुलूदबाई, शुद्ध भाषेच्या बाबतीत इतक्या कडक, की फलकावर बोलीतला एक शब्द लिहिला म्हणून त्यांनी एका शिक्षिकेला सगळ्या शाळेपुढे माफी मागायला लावली होती.

"ही ओळ कुठून आणलीस, उस्ता?"

"जिनने दिली! माझ्या आईच्या नावातून विणलीय."

गाडी निघाली आणि पहिल्याच वळणावर चाकांनी असा आक्रोश केला की पुढची गाढवगाडी आपणहून बाजूला झाली.

"तुझे ब्रेक रडतायत रे!"

"बदलणार होतो, अब्ला. पण आता कशाला? आता गाडी जिन सांभाळतो."

याच गाडीतून शाळेच्या मुली रोज दुपारी घरी जायच्या. इन्शिराहच्या डोक्यात आलं: आपली थट्टेची ओळ, आणि तिच्या भरवशावर हा गृहस्थ बिनब्रेकच्या गाडीतून पोरी नेतोय!

दुसऱ्याच दिवशी तिने शेखला गाठलं. "शेखसाहेब, तुमचा जिन माझ्या ओळी चोरतो."

शेख हसला. "बाई, इंटरनेटवर पडलेलं म्हणजे रस्त्यावर पडलेलं. उचलेल त्याचं."

"मी तांदूळ गच्चीवर वाळत घालते. तेही उचलेल त्याचे का?"

"तांदळाला मालकीण असते. या ओळींना कोण आहे? 'थांब्यावरची पोर'! जा ना पोलिसांत. सांगा, थांब्यावरच्या पोरीची चोरी झाली. ते विचारतील, पोरीचं नाव काय? मग सांगा हां नाव. मोठ्याने सांगा, शाळेपर्यंत ऐकू जाईल असं."

हे मात्र वर्मी बसलं. तिने त्या संकेतस्थळाकडे तक्रार केली. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं: 'आपली तक्रार काळजीपूर्वक तपासली. काहीही गैर आढळले नाही.' हे माणसाने लिहिलं की तिथल्याही एखाद्या जिनने, कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात शेखने जाहीर केलं की येत्या गुरुवारी जिन अख्ख्या थांब्यासाठी एक मोठं कवन देणार. इन्शिराह मनात म्हणाली, देऊ दे. गुरुवारी सकाळी तिने 'समस्त थांब्यांसाठी' म्हणून पाच ओळी आपल्या पानावर टाकल्या आणि पदर खोचून, म्हणजे डोक्याचा रुमाल घट्ट बांधून, थांब्यावर गेली.

"आज सगळ्यांच्या आयांची नावं मी स्वतः जिनच्या कानात सांगितलीयत!" शेख गरजला. हात बाहीत गेले, हंडा कुरकुरला, पट्टी बाहेर आली. शहाताने ती वाचली:

*चोख आमची गाडी, चोख आमचा रस्ता,*
*रीत सांभाळून हाकतो इथला हरेक उस्ता;*
*चालत राहो चाक आणि नजर राहो दूर,*
*मागून येणाऱ्याने नुसता बघावा धूर;*
*लखलखू दे नशीब आमचं, डोळे दिपोत हुजूर!*

टाळ्यांचा कडकडाट झाला. इन्शिराह पुढे आली. "उस्ता, आता प्रत्येक ओळीचं नुसतं पहिलं अक्षर वाच. वरून खाली."

"चो... री... चा... मा... ल." शहाताने पुन्हा वाचलं. "चोरीचा माल?"

शेखचा फेटा हलला, पण तो कसलेला गडी. "बघा!" तो कडाडला. "जिन सांगतोय, चोरीचा माल इथेच आहे! चोर तुमच्यातच आहे!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. उस्ता दसूकीने घाईघाईने आपल्या गाडीतल्या रेडिओवर फडकं टाकलं.

इन्शिराहने मनाशी हिशेब केला. गप्प राहिलं तर नोकरी सुखात. पण दुपारी मुली त्याच गाडीत बसणार होत्या. तिने फोन उंच धरला.

"जिन मी आहे!" ती ओरडली. "हे कवन आज सकाळी मी लिहिलं. इथे वेळेसकट आहे, वाचा. आणि शहाता, तुझी ती म्हशीची ओळ ज्या वेळी तुझ्या जिनला सुचली, त्या वेळी तो वांगी तळत होता. तेलात जास्त मीठही पडलं होतं!"

"पण आगीची अक्षरं?" कुणीतरी विचारलं.

तिने पर्समधून औषधाच्या दुकानातलं बिल काढलं, चहावाल्याकडचा उकळता ग्लास उचलला आणि बिलावर ठेवला. ग्लास उचलला तेव्हा कागदावर काळं कडं उमटलं होतं.

"या कागदालाच मसाला लावलेला असतो, उष्णता लागली की काळा होतो. शाई लागत नाही. आणि शेखसाहेब बाहीत हात घालून मंत्र म्हणत नव्हते, फोनचं बटण दाबत होते." तिने हंडा उपडा केला. आतून बिलं छापायचं छोटं यंत्र टपकन पडलं आणि हिरवा दिवा मिचकावू लागलं. "तुम्ही आईचं नाव कुणाला ऐकू देत नाही, म्हणून ते ओळीत आहे की नाही हे कुणी तपासत नाही. एवढंच भांडवल या माणसाचं!"

शेखने फेटा सावरला आणि कोंबड्यांना मागे टाकून तो पळाला. जिन तिथेच दिवा मिचकावत पडला होता.

शहाता रडवेला झाला. "मग आता नजर लागली तर, अब्ला?"

"नजर लागू दे रे! ब्रेक लागला म्हणजे झालं." हशा पिकला, पण ती हसली नाही. "चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी दोन गोष्टी विचारा. हे कुणी केलं? आणि बिघडलं तर जबाब कोण देणार? ज्याला नाव नाही त्याच्या हातात पोरीबाळी देऊ नका. मीही नाव लपवलं, म्हणून याचं फावलं. माझं नाव इन्शिराह. मुलींची शाळा, तिसरी खोली."

बातमी तिच्या आधी शाळेत पोचणार हे उघड होतं. शहाताची गाडी मिस्त्रीकडे गेली आणि त्या दुपारी मुली पायी घरी गेल्या. तिकडची शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी शाळा सुटायच्या वेळी शहाताची गाडी फाटकासमोर आली आणि जराही आवाज न करता जागच्या जागी उभी राहिली. मुख्याध्यापिका खुलूद हानम फाटकातच होत्या. त्यांनी चष्मा लावून गाडीची पाठ वाचली. म्हशीच्या ओळीखाली ताज्या रंगात लिहिलं होतं:

*ओळी: अब्ला इन्शिराह. ब्रेक: मिस्त्री हमूदा. तक्रार असल्यास यांनाच धरावे.*

"हे भयंकर लिखाण," हानमनी एकेक शब्द चावत विचारलं, "तुमचं आहे?"

इन्शिराहने आधी सगळ्या मुलींना गाडीत चढवलं, दार लावलं आणि मग मागे वळली.

"हो," ती म्हणाली, "माझंच."