पळीवरचं रक्त

मी एक जुनी पितळी पळी आहे. मित्रांनो, पळी म्हटलं की तुमच्या आइस्क्रीमचा चमचा डोळ्यांपुढे आणू नका. माझ्या एका बुडीत अख्खी वाटी भरते.

खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या तांबटानं मला ठोकून घडवलं. शिंदे की छावनी या मोहल्ल्यातल्या लीलाताईंच्या घरी लग्न असो, बारसं असो, आमटी वाढायची मीच. कौतुकही पुष्कळ झालं. मग स्टीलच्या पळ्या आल्या आणि मी खिळ्यावर गेले.

यंदा गावात सिनेमावाले आले. गोष्ट खुनाची. महागड्या हॉटेलात श्रीमंत जेवायला बसतात आणि गरीब आचारी एकेकाला मारतो. मारायला त्याला मी हवी होते! लीलाताईंनी मला दिलं, पण राखायला स्वतःही आल्या.

श्रीमंत म्हणून बसवलेली सगळी आमच्याच गल्लीतली माणसं. शेजारच्या वनमालाबाई जरीची साडी नेसून पुढेच होत्या. त्यांना निरोप होता, पंगतीत बसायचंय. आता पंगतीला घरून खाऊन कोण जातं? त्या उपाशीच आल्या. समोर परातीएवढी ताटली, मधे वाटाण्याएवढं काहीतरी, त्यावर धूर. तेही मेणाचं.

दुपार टळली. गरिबांचा कळवळा असलेल्या त्या सिनेमात जेवणाचे तंबू दोन होते. नटांच्या तंबूत आमटीभात चालू होता, गल्लीवाल्यांचा तंबू रिकामा. वनमालाबाईंना भोवळ आली, मान टेबलावर पडली.

"वा, काय मरतायत बाई!" दिग्दर्शक खूश झाला. "कॅमेरा चालू ठेवा."

लीलाताई उठल्या. मला लाल रंगाचं खोटं रक्त फासलेलं होतं. त्यांनी मला नळाखाली धरलं, खसखसून धुतलं, पदराला पुसलं.

दिग्दर्शकाचा मदतनीस मोहित धावत आला. "अरे ताई, ये क्या किया? खुनाचं रक्त होतं ते! सीन बाकी आहे!"

"मग हातानं मार कोणाला मारायचं ते. माझी पळी आमटीची आहे. हो बाजूला."

नटांच्या तंबूत शिरून त्यांनी मला पातेल्यात बुडवलं आणि वाटी वनमालाबाईंच्या ओठांना लावली. चार घोटांनी डोळे उघडले.

"मीठ कमी आहे हो, ताई."

"शहाणी आहेस. पी मुकाट्यानं."

मग पातेलंच टेबलावर आलं. त्या परातीएवढ्या ताटल्यांतलं मेण काढून लीलाताईंनी सगळ्यांना वाढलं. मोहितलाही. तोही सकाळपासून उपाशीच निघाला.

खून पुढे रबरी सुरीनं उरकला म्हणे. मित्रांनो, मला चिंचेनं घासून दिवाणखान्यात टांगू नका. घासा आणि आमटीत बुडवा. दारी कोणी आलं तर आधी वाढा. कोण, कुठले, ते जेवून हात धुताना विचारा.